किरकोळ फेरबदलाचे मोजमाप

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात नोकरी आणि व्यवसायाच्या आधारे मिळणाऱ्या कायम निवासाचे पाच वर्ग केलेले आहेत. त्यांतला पाचवा वर्ग, जो व्यवहारात 'ईबी-५' या नावाने ओळखला जातो, परदेशी गुंतवणूकदारांसाठी आहे. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. ठरलेली किमान रक्कम अमेरिकेतल्या नव्या व्यवसायात घालावी, त्या रकमेतून आठवड्याला किमान ३५ तासांच्या अशा १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्यात, आणि त्या बदल्यात गुंतवणूकदाराला, त्याच्या पत्नीला वा पतीला आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना कायम निवासाचा हक्क मिळावा, असा हा सौदा आहे. त्यातली अडचण अशी, की नोकऱ्या निर्माण होण्याच्या आधीच, केवळ कागदावरच्या आराखड्याकडे पाहून, शासनाला पहिला निर्णय द्यावा लागतो. आराखडा मंजूर होतो तेव्हा अनेकदा जागेवर फक्त कुंपण असते. त्यानंतर पोलादाचे भाव चढतात, नगरपालिका एक मजला कमी करायला सांगते, कर्ज देणारी बँक बदलते, आणि जी इमारत शेवटी उभी राहते ती मंजूर कागदावरच्या इमारतीशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी कोणता फेरबदल किरकोळ मानायचा आणि कोणता नाही, या प्रश्नावर शेकडो कुटुंबांचा अमेरिकेतला मुक्काम अवलंबून असतो. म्हणून तो प्रश्न वरवर पाहता कितीही कारकुनी वाटला, तरी बारकाईने समजून घेण्याजोगा आहे.

त्यासाठी आधी पैशाचा मार्ग पाहावा लागतो. गुंतवणूकदार स्वतः व्यवसाय चालवतो असा प्रकारही कायद्याला मान्य आहे, पण बहुसंख्य गुंतवणूक १९९२ साली प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या 'रीजनल सेंटर', म्हणजे प्रादेशिक केंद्र, या व्यवस्थेतून होते. केंद्र एक भागीदारी संस्था उभी करते, तिला कायद्यात 'नवा व्यावसायिक उपक्रम' म्हणतात. अनेक गुंतवणूकदार तिचे मर्यादित भागीदार होतात, आणि ही संस्था ती एकत्र झालेली रक्कम बहुधा कर्जाच्या रूपाने प्रत्यक्ष बांधकाम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला, म्हणजे 'रोजगारनिर्मात्या संस्थे'ला, देते. या साखळीच्या एका टोकाला असलेल्या भागीदाराला दुसऱ्या टोकाला चाललेल्या बांधकामाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार जवळजवळ नसतो. किती खोल्या बांधायच्या, कोणता ठेकेदार नेमायचा, खर्च कुठे वाढवायचा आणि कुठे आवरायचा, हे सारे विकासक ठरवतो. निर्णय एकाचा आणि त्याचा परिणाम भोगणारा दुसरा, ही या व्यवस्थेतली मूळ विषमता आहे आणि फेरबदलांचा सगळा कायदा तिच्याभोवती फिरतो.

१५ मार्च २०२२ रोजी मंजूर झालेल्या सुधारणा व सचोटी कायद्याने या व्यवस्थेची फेरमांडणी केली. किमान रक्कम सर्वसाधारण ठिकाणी १०,५०,००० डॉलर आणि ग्रामीण भागात, अतिबेरोजगारीच्या भागात किंवा सार्वजनिक पायाभूत प्रकल्पात ८,००,००० डॉलर अशी ठरली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रकल्पाची आणि माणसाची तपासणी वेगळी झाली. आता केंद्राने प्रत्येक प्रकल्पासाठी 'आय-९५६एफ' हा अर्ज भरायचा आणि त्यात व्यवसाय आराखडा, नोकऱ्यांचा अंदाज मांडणारा अर्थशास्त्रीय अहवाल, भागीदारी करार, गुंतवणूकदारांना दिलेले माहितीपत्रक असे सर्व जोडायचे. गुंतवणूकदाराने 'आय-५२६ई' हा स्वतःचा अर्ज भरून पैसा सनदशीर मार्गाने आला आणि तो या प्रकल्पात गेला एवढे सिद्ध करायचे. प्रकल्पाचा अर्ज एकदा मंजूर झाला, की ती मंजुरी त्या प्रकल्पातल्या पुढच्या सर्व गुंतवणूकदारांच्या अर्जांसाठी बंधनकारक ठरते, म्हणजे तोच आराखडा प्रत्येक अर्जात नव्याने उकरून काढता येत नाही. या बंधनाला कायद्याने पाच अपवाद ठेवले आहेत: फसवणूक किंवा गुन्हेगारी गैरवापर, सार्वजनिक वा राष्ट्रीय सुरक्षेला धोका, मंजूर प्रकल्पातला महत्त्वाचा फेरबदल, पात्रतेला बाधा आणणारा नवा पुरावा, आणि मंजुरी देताना कायदा वा वस्तुस्थिती समजून घेण्यात झालेली गंभीर चूक. प्रामाणिक विकासकालाही ज्याला सामोरे जावेच लागते असा यांतला अपवाद तिसरा, ज्याला वकिली भाषेत 'मटेरियल चेंज' म्हणतात.

या शब्दप्रयोगाचा अर्थ लावताना अमेरिकी प्रशासन ज्या निवाड्याचा आधार घेते, त्याचा गुंतवणुकीशी काहीही संबंध नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कुंगिस नावाच्या लिथुआनियन वंशाच्या गृहस्थाचे प्रकरण होते. जन्मतारीख आणि जन्मस्थळ चुकीचे सांगितल्यामुळे त्याचे नागरिकत्व रद्द करावे का, असा वाद होता. एखादी गोष्ट महत्त्वाची केव्हा म्हणावी, तर निर्णय घेणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करण्याचा तिचा स्वाभाविक कल असेल तेव्हा, अशी कसोटी न्यायालयाने तेथे मांडली. हीच कसोटी गुंतवणूक प्रकल्पांना लावली जाते, आणि तिचा थेट परिणाम असा, की फेरबदल किती मोठा आहे हे पाहून त्याचे महत्त्व ठरत नाही. त्या फेरबदलाचा पात्रतेच्या एखाद्या घटकाशी, म्हणजे नोकऱ्यांची संख्या, रकमेची जोखीम, जागेचे वर्गीकरण किंवा पैशाचा मार्ग यांच्याशी, काय संबंध आहे यावरच ते ठरते. लाखो डॉलरांचा फेरबदल किरकोळ ठरू शकतो आणि करारातल्या एका ओळीचा फेरबदल प्राणघातक ठरू शकतो, हे या कसोटीतून निघणारे सत्य विकासक, गुंतवणूकदार आणि कित्येकदा त्यांचे सल्लागारही पुरते ध्यानात घेत नाहीत.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रकल्प घेता येईल. १२० खोल्यांचे हॉटेल बांधायचे आहे, त्यात नोकऱ्यांच्या हिशेबात धरता येईल असा बांधकामाचा खर्च ६ कोटी डॉलर आहे, आणि त्यातली ३ कोटी ८४ लाख डॉलरची रक्कम प्रत्येकी ८ लाख देणाऱ्या ४८ गुंतवणूकदारांकडून यायची आहे. नोकऱ्या प्रत्यक्ष डोकी मोजून काढल्या जात नाहीत. अमेरिकी वाणिज्य खात्याच्या आर्थिक विश्लेषण विभागाने तयार केलेल्या 'रिम्स-२' सारख्या प्रतिमानातून एक गुणक मिळतो, आणि त्या गुणकाने खर्चाला गुणले, की प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि प्रेरित नोकऱ्यांचा अंदाज हाती येतो. समजा, दर १० लाख डॉलर खर्चामागे १२ नोकऱ्या असा गुणक आहे. तर ७२० नोकऱ्या होतात. गरज ४८० ची आहे, म्हणजे २४० नोकऱ्यांची शिल्लक राहते. या शिलकीला या व्यवसायातले लोक 'कुशन', म्हणजे उशी, म्हणतात, आणि फेरबदल किरकोळ आहे की नाही याचे उत्तर पुष्कळदा या उशीच्या जाडीत दडलेले असते. खर्च ५ कोटी ४० लाखांवर आला तर ६४८ नोकऱ्या उरतात आणि प्रत्येक गुंतवणूकदाराच्या वाट्याला दहापेक्षा जास्तच येतात. तो ३ कोटी ९० लाखांवर घसरला तर ४६८ उरतात, म्हणजे बारा नोकऱ्या कमी पडतात, आणि मग भागीदारी करारात नोकऱ्यांच्या वाटपाचा जो क्रम लिहिलेला असेल त्याच्या शेपटाला असलेल्या गुंतवणूकदारांवर संकट येते.

हा हिशेब सरळ दिसतो, पण त्यात अनेक खाचा आहेत. पहिली खाच अशी, की एकूण अंदाजपत्रक तेवढेच राहूनही नोकऱ्या कमी होऊ शकतात. जमिनीच्या खरेदीवर झालेला खर्च नोकऱ्यांच्या हिशेबात धरला जात नाही; तेव्हा जमीन अपेक्षेपेक्षा महाग पडली आणि तेवढी रक्कम बांधकामातून कापली, तर ताळेबंदाच्या तळाशी आकडा तोच राहतो आणि नोकऱ्या मात्र गळतात. बांधकाम, वास्तुरचनाकाराची फी, फर्निचर या प्रत्येकाचा गुणक वेगळा असतो, आणि परदेशातून आणलेल्या फर्निचरावरचा खर्च अमेरिकेत नोकरी निर्माण करतो असे म्हणताच येत नाही. दुसरी खाच भाववाढीची आहे. तीच भिंत महाग पोलादाने बांधल्यामुळे खर्च दहा टक्क्यांनी वाढला, म्हणून दहा टक्के जास्त माणसांनी काम केले असे होत नाही. गुणक ज्या वर्षाच्या किमतींवर बेतलेला असतो त्या वर्षापर्यंत खर्च मागे आणूनच गुणाकार करावा लागतो. म्हणून 'खर्च वाढलाच आहे, तेव्हा काळजी नको' हे विकासकाचे आश्वासन अर्थतज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय स्वीकारण्यासारखे नसते.

तिसरी खाच सर्वांत चमत्कारिक आहे, कारण तीत शुभवार्ताच अडचण होऊन येते. दोन वर्षांपेक्षा कमी काळ चाललेल्या बांधकामावरच्या प्रत्यक्ष नोकऱ्या जुन्या धोरणानुसार अजिबात धरल्या जात नसत, कारण त्या कायमस्वरूपी मानल्या जात नसत. २०२२ च्या कायद्याने त्या बांधकामाच्या कालावधीच्या प्रमाणात धरण्याची सोय केली, पण त्या कालावधीच्या बांधकामासाठी अप्रत्यक्ष नोकऱ्यांवर किती विसंबता येईल याची मर्यादाही ७५ टक्के अशी ठरवली, जी एरवी ९० टक्के असते. तेव्हा २६ महिन्यांचे ठरलेले काम एखाद्या तडफदार ठेकेदाराने २० महिन्यांत संपवले, तर विकासक पेढे वाटेल आणि नोकऱ्यांच्या अहवालाची मांडणी मात्र नव्याने करावी लागेल. वेळापत्रकातला बदल हा आकाराने किरकोळ आणि परिणामाने तसा नसणाऱ्या बदलांचा उत्तम नमुना आहे.

याच हॉटेलाचा दुसरा बदल पाहावा. नगरपालिकेच्या वाहनतळाच्या नियमामुळे १२० ऐवजी १०८ खोल्या बांधाव्या लागल्या. बांधकामाचा खर्च थोडा घटेल, आणि अहवालात हॉटेल चालू झाल्यावरच्या उत्पन्नावरूनही नोकऱ्या धरलेल्या असतील, तर त्याही खोल्यांच्या प्रमाणात कमी होतील. पण उशी जाड असेल तर पात्रतेचा कोणताही घटक हलत नाही, आणि दहा टक्के खोल्या गेल्या तरी फेरबदल किरकोळच राहतो. आता खोल्या १२० च ठेवून हॉटेल रस्त्याच्या पलीकडच्या भूखंडावर हलवले असे समजू. अतिबेरोजगारीचा भाग ठरवताना जनगणनेचे छोटे गट, ज्यांना 'सेन्सस ट्रॅक्ट' म्हणतात, ते आणि त्यांना लागून असलेले गट विचारात घेतले जातात, आणि तेथे बेरोजगारी राष्ट्रीय सरासरीच्या किमान दीडपट असावी लागते. ग्रामीण भाग म्हणवण्यासाठी जागा महानगर क्षेत्राच्या बाहेर आणि वीस हजार वा अधिक वस्तीच्या गावाच्या हद्दीबाहेर असावी लागते. या गटांच्या सीमा बहुधा रस्त्यांवरूनच जातात. त्या एका रस्त्याच्या रुंदीमुळे ८ लाखांची किमान रक्कम साडेदहा लाखांची होऊ शकते, आणि त्या भागासाठी राखून ठेवलेल्या व्हिसांच्या वेगळ्या रांगेतली जागाही जाऊ शकते. हीच जागा न हलवता काही वर्षांनी तेथली बेरोजगारी कमी झाली, तर मात्र आधी पैसे घातलेल्या गुंतवणूकदाराला वाढीव रक्कम भरावी लागत नाही. कारण त्याने गुंतवणूक केली तेव्हा वर्गीकरण खरे होते.

करारातल्या ओळीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. गुंतवलेली रक्कम जोखमीत असली पाहिजे, हे या वर्गाचे प्राणतत्त्व आहे. ती परत देण्याची हमी दिली, की ती गुंतवणूक न राहता कर्ज होते. नव्या व्यावसायिक उपक्रमाला स्वतःच्या इच्छेने हिस्सा परत विकत घेण्याचा पर्याय ठेवता येतो, पण गुंतवणूकदाराला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या किमतीला तो विकण्याचा हक्क देता येत नाही. प्रकल्प रेंगाळल्यामुळे अस्वस्थ झालेल्या भागीदारांना दिलासा द्यावा या सद्हेतूने एखाद्या व्यवस्थापकाने करारात 'पाच वर्षांनंतर मुद्दल परत केले जाईल' अशी एक ओळ घातली, तर इमारतीची वीटही न हलता सर्वांची पात्रता हलते. याउलट, भागीदारी संस्था मुदतीआधीच विसर्जित करावी लागेल असे एखादे जुने कलम करारात असेल, तर ते काढून टाकण्याची दुरुस्ती सहसा महत्त्वाचा फेरबदल मानली जात नाही, असे स्थलांतर सेवा खात्याच्या धोरणपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे.

हमीच्या कराराचा हा नियम ज्या निर्णयातून आला, त्याच निर्णयाने फेरबदलांचा नियमही घातला. १९९८ साली प्रशासनाने इझुमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात ठरवले, की अर्ज सदोष असेल तर तो दाखल केल्यानंतर मोठे बदल करून त्याला नियमांच्या साच्यात बसवता येणार नाही. अर्जदार अर्जाच्या दिवशीच पात्र असला पाहिजे. नियम तर्कशुद्ध होता, पण त्याची अंमलबजावणी कठोर झाली, कारण तोपर्यंतच्या समजुतीनुसार पैसे घातलेल्या आणि पहिला अर्ज मंजूर झालेल्या माणसांनाही तो मागे जाऊन लावण्यात आला. घरदार आवरून अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना, ज्या आराखड्याला शासनानेच मंजुरी दिली होती तो आता चालणार नाही असे सांगण्यात आले. २००२ साली अमेरिकी काँग्रेसने अशा गुंतवणूकदारांसाठी खास तरतूद केली, आणि २००३ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने चँग खटल्यात असा पूर्वलक्षी वापर अयोग्य ठरवला. ज्यावर विसंबून माणूस आयुष्य हलवतो ती मंजुरी नंतर सहज पुसता येऊ नये, हे तत्त्व या वादातून पुढे आले. २०२२ च्या कायद्यातली बंधनकारक मंजुरी त्याच तत्त्वाच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे.

दरम्यान, ३० मे २०१३ रोजी खात्याने एक सविस्तर धोरणपत्र काढून मान्य केले, की व्यवसाय ही प्रवाही गोष्ट आहे आणि आराखडे बदलणारच. त्या पत्रातली विभागणी आजही समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यानुसार एकच फेरबदल वेळेप्रमाणे वेगळा ठरतो. गुंतवणूकदाराचा अर्ज प्रलंबित असताना, किंवा तो मंजूर झाला आहे पण कुटुंबाला अजून निवास मिळालेला नाही अशा काळात, महत्त्वाचा फेरबदल झाला तर जुना अर्ज टिकत नाही. मंजुरी असली तरी ती रद्द होऊ शकते आणि नवा अर्ज करावा लागतो. पण दोन वर्षांचा सशर्त कायम निवास एकदा मिळाला, की दृष्टी बदलते. त्यानंतर अट काढून टाकण्यासाठीचा 'आय-८२९' हा अर्ज तपासताना, मूळ आराखडा जसाच्या तसा पाळला गेला नाही एवढ्याच कारणाने तो फेटाळला जात नाही. रक्कम जोखमीत राहिली का आणि नोकऱ्या झाल्या का किंवा वाजवी काळात होणार आहेत का, हे पाहिले जाते. म्हणजे हॉटेलाऐवजी तेथे कार्यालयाची इमारत उभी राहिली, हा बदल निवास मिळण्याच्या आदल्या महिन्यात घडला तर अर्ज बुडवू शकतो आणि नंतरच्या महिन्यात घडला तर नोकऱ्यांच्या पुराव्यावर तगून जाऊ शकतो.

यामुळे मधला काळ जितका लांब तितका धोका जास्त, आणि नेमका हाच काळ भारतीयांसाठी लांबण्याची शक्यता असते. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एका वर्षातल्या व्हिसांपैकी साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, आणि ही गणना पारपत्रावर होत नाही, जन्मस्थानावर होते; त्यामुळे पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या गोव्यातल्या माणसाचे नावही भारताच्याच रांगेत लागते. पुण्या-मुंबईहून 'एच-१बी' या नोकरीच्या व्हिसावर गेलेली आणि न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणारी कुटुंबे २०२२ नंतर, व्हिसा उपलब्ध असेल तर, गुंतवणुकीच्या अर्जाबरोबरच निवासाचा अर्जही भरू शकतात आणि त्या आधारे काम व प्रवासाची परवानगी मिळवू शकतात. ही मोठी सोय आहे, पण तिने मधला काळ संपत नाही, फक्त सुसह्य होतो. आधारभूत अर्ज पडला तर त्यावर टेकलेला निवासाचा अर्जही पडतो. नव्या अर्जाला सामान्यतः नवी तारीख मिळते, आणि तोवर मुलगा वा मुलगी एकविशी ओलांडून गेली असेल, तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच अपत्य यादीतून गळू शकते.

रक्कम परत उभी करणेही सोपे नसते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. ८ लाखांची रक्कम पाठवायची तर एकाच वर्षात कुटुंबातल्या चौघांची मर्यादा वापरावी लागते, किंवा नवरा-बायको दोघांनी मार्चअखेर ओलांडून दोन आर्थिक वर्षांत मिळून ती पाठवावी लागते. शिवाय केंद्राचा प्रशासकीय आकार वेगळा असतो. कोथरूडमधला फ्लॅट किंवा नाशिकजवळची जमीन विकून उभा केलेला पैसा एकदा गेला, की विकासकाच्या एखाद्या निर्णयामुळे दुसऱ्या प्रकल्पात पुन्हा तेवढाच पैसा घालणे फारच थोड्यांना शक्य असते.

फेरबदल शासनाला कळवण्याची रीतसर वाट २०२२ च्या कायद्याने प्रथमच आखली. मंजूर प्रकल्पात खात्याने नमूद केलेल्या प्रकारचे बदल झाले, तर ते घडल्यापासून ३० दिवसांच्या आत दुरुस्तीची मंजुरी मागण्याची कार्यपद्धती ठरवण्याचा अधिकार कायद्याने खात्याला दिला आहे. आणि वेळेवर केलेली दुरुस्ती मंजूर झाली, तर ती त्या प्रकल्पातल्या प्रलंबित अर्जांच्या आणि पुढे येणाऱ्या अट काढण्याच्या अर्जांच्या निर्णयात सामावून घेता येते. या शेवटच्या वाक्याचे मोल मोठे आहे. अर्जाच्या दिवसानंतर काही बदलता येत नाही, या १९९८ पासूनच्या कठोर नियमाला येथे कायद्यानेच खिडकी पाडली आहे. मात्र ती खिडकी उघडण्याचा अधिकार केंद्राचा आहे, गुंतवणूकदाराचा नाही, आणि तीस दिवस फार थोडे असतात. केंद्राच्या स्वतःच्या मालकीत, रचनेत वा कारभारात मोठा बदल व्हायचा असेल तर उलट आधी, १२० दिवस अगोदर, कळवावे लागते. नवा संचालक येणे ही घटना बांधकामाच्या दृष्टीने शून्य असली, तरी प्रत्येक संबंधित व्यक्तीची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती मोठी ठरते.

मराठी वाचकाला या ठिकाणी आपल्याकडचा स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे बोलीतला 'रेरा', आठवेल. त्याच्या कलम १४ नुसार मंजूर नकाशात बांधकाम व्यावसायिकाला मनमानी बदल करता येत नाहीत. वास्तुशास्त्रीय किंवा संरचनात्मक कारणांनी लागणारे किरकोळ बदल वास्तुविशारदाच्या शिफारशीने आणि घर घेणाऱ्यांना कळवून करता येतात, आणि इमारतीच्या आराखड्यातल्या इतर बदलांना दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. साम्य स्पष्ट आहे, पण फरक अधिक शिकवणारा आहे. रेरामध्ये संमती हा इलाज आहे, कारण हक्क खरेदीदाराचा आहे आणि तो त्याला सोडता येतो. ईबी-५ मध्ये सर्व भागीदारांनी एकमताने ठराव करून बदल मान्य केला, तरी पात्रता त्याने सुधारत नाही. पात्रता ही गुंतवणूकदार आणि शासन यांच्यातली बाब आहे, आणि भागीदारांच्या सह्या त्यांच्या आपसांतल्या व्यवहारात तिसरा पक्ष असलेल्या खात्याला बांधत नाहीत. केंद्राकडून आलेल्या संमतिपत्रावर सही करून विषय मिटला असे मानणाऱ्या कुटुंबांनी हा फरक विशेष लक्षात घ्यायला हवा.

प्रत्यक्षात किरकोळ फेरबदल नीट हाताळणे म्हणजे तो घडला त्याच वेळी तो किरकोळ का आहे हे लिहून ठेवणे. ठेकेदार बदलला, संस्थेचे नाव किंवा कार्यालयाचा पत्ता बदलला, तात्पुरते कर्ज देणारी बँक बदलली, खोल्या थोड्या कमी झाल्या, काम सहा महिने लांबले, अशा प्रत्येक प्रसंगी चांगले केंद्र काय बदलले, कधी बदलले आणि कशामुळे, याचे टिपण करते. अर्थतज्ज्ञाकडून नव्या आकड्यांवर नोकऱ्यांचा हिशेब पुन्हा करून घेते. सुधारित अंदाजपत्रक जुन्याशेजारी ठेवते. गुंतवणूकदारांना कळवते, कारण रोखे कायद्याखाली माहितीपत्रक खरे ठेवण्याची जबाबदारी वेगळीच उभी असते. आणि दुरुस्तीचा अर्ज करायचा की नाही याचा निर्णय कारणांसह नोंदवते. केंद्राला दरवर्षी 'आय-९५६जी' हे वार्षिक विवरणपत्र भरावे लागते. त्यात १०८ खोल्या आणि गुंतवणूकदाराच्या अर्जात १२० असे दोन आकडे खात्याच्या एकाच इमारतीत वेगवेगळ्या टेबलांवर पोहोचले, तर निरुपद्रवी बदलही लपवाछपवीसारखा दिसू लागतो. किरकोळ बदलाला महत्त्वाचे स्वरूप देण्याचे काम पुष्कळदा बांधकाम करत नाही, कागदांतली विसंगती करते. केंद्रे मौन पाळतात ते बहुधा भीतीने. कळवले तर अर्ज रेंगाळतील असे त्यांना वाटते. ही भीती समजण्यासारखी असली, तरी तिची किंमत दुसऱ्याच्या मुलाबाळांच्या नावावर टाकणे समर्थनीय नाही.

गुंतवणूकदाराच्या हाती थोडे असते, पण काहीच नसते असे नाही. मर्यादित भागीदाराला हिशेब आणि कागद पाहण्याचा जो हक्क करारात दिलेला असतो, तो सही करण्यापूर्वी वाचता येतो. उशी किती नोकऱ्यांची आहे, नोकऱ्यांच्या वाटपात आपला क्रम कोणता, बदल झाल्यास किती दिवसांत कळवले जाईल, हे विचारता येते. केंद्राची मान्यताच काढून घेतली गेली, तर प्रामाणिक गुंतवणूकदाराला १८० दिवसांत दुसऱ्या केंद्राशी जोडून घेण्याची किंवा नवी गुंतवणूक करण्याची मुभा २०२२ च्या कायद्याने दिली आहे. पण ती आपत्तीसाठीची तरतूद आहे आणि रोजच्या फेरबदलांना ती लागू पडत नाही.

शेवटचा हिशेब सशर्त निवासाची दोन वर्षे पुरी होण्याआधीच्या ९० दिवसांत सुरू होतो, जेव्हा अट काढण्याचा अर्ज भरला जातो. नव्या कायद्याने प्रकल्पाच्या जागेला किमान एक भेट देण्याचे बंधनही खात्यावर घातले आहे, त्यामुळे तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे कागदच असतात असे नाही. कोणीतरी जाऊन दारे मोजलेली असू शकतात. संचिकेत १२० खोल्यांचा मूळ आराखडा, १०८ खोल्यांचा सुधारित आराखडा आणि त्या दोहोंच्या मध्ये, बदल झाला त्या महिन्याची तारीख असलेले अर्थतज्ज्ञाचे पत्र असेल, तर अधिकाऱ्याचे काम बेरीज पडताळण्यापुरते उरते. ते पत्र नसेल तर नंतर लिहून घेता येते, पण त्यावर तारीख मात्र लिहिल्या दिवसाचीच घालावी लागते.